संघाच्या पाठीवरचे नाव

खानदेशातील आंतरमहाविद्यालयीन हॉकीचा खेळाडू एकाच हंगामात किती नावे धारण करतो, याकडे प्रेक्षकांचे लक्ष सहसा जात नाही. आरंभी तो आपल्या महाविद्यालयाचा असतो. आंतरविभागीय सामन्यांत तो जळगाव, एरंडोल, धुळे अथवा नंदुरबार विभागाचा होतो. आणि तेथून निवड झाली म्हणजे विद्यापीठाचे नाव पाठीवर घेऊन पश्चिम विभागाच्या मैदानावर उतरतो. मुलगा तोच, हातातली स्टिकही तीच. पण ज्यांच्या वतीने तो खेळतो, त्या माणसांचा परीघ दर पायरीस विस्तारत जातो. म्हणून अनेक महाविद्यालयांना ज्या एका नावाखाली एकत्र यावयाचे, त्या नावाची निवड हे दप्तरातील किरकोळ काम मानता येत नाही.

खानदेशाला या कामाचा अनुभव जुना आहे. असीरगड जिंकल्यावर, १६०१ साली, अकबर बादशहाने शहजादा दानियालच्या नावावरून या सुभ्याला ‘दानदेश’ असे नाव दिले. परंतु ते दरबारी कागदांतच राहिले आणि लोकांनी खानदेश हे नाव सोडले नाही. पुढे इंग्रजी अंमलात, १९०६ मध्ये, पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले आणि महाराष्ट्र राज्याच्या आरंभकाळी त्यांना जळगाव व धुळे ही मुख्य ठाण्यांची नावे मिळाली. जिल्ह्यांच्या नावांतून खानदेश गेला, तरी बोलण्यातून गेला नाही. वरून आलेले नाव लोकांच्या तोंडी बसले नाही, तर सरकारी शिक्क्याने ते टिकत नाही, हा त्यातला बोध आहे.

१५ ऑगस्ट १९९० रोजी पुणे विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातून धुळे व जळगाव हे जिल्हे वेगळे काढून जळगावी नवे विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्याला ‘उत्तर महाराष्ट्र’ हे दिशादर्शक नाव मिळाले. अशा नावाचा गुण असा की, त्यावर कोणा एका गावाची मालकी सांगता येत नाही. धुळ्याकडे इतिहासाचार्य राजवाडे आहेत, अमळनेरकडे साने गुरुजी आहेत, जळगावच्या वेशीजवळच्या आसोद्याकडे बहिणाबाई आहेत. इतकी आदरणीय नावे जेथे शेजारी शेजारी नांदतात, तेथे एकाची निवड करणे म्हणजे बाकीच्यांची उपेक्षा नव्हे, हे सर्वांना पटवून द्यावे लागते. दिशादर्शक नाव हा प्रश्न टाळते. मात्र त्याने कोणाचे मन दुखावत नाही, तसे कोणाचे मन उचंबळूनही येत नाही.

विद्यापीठाचे नाव कायद्याच्या अनुसूचीत असते. त्यामुळे त्यात अक्षर वाढवायचे झाले तरी कायद्यात दुरुस्ती करावी लागते. मसुदा, विधिमंडळाची मंजुरी आणि राजपत्र असा तो शिरस्ता आहे. तो पार पडून ११ ऑगस्ट २०१८ रोजी हे विद्यापीठ ‘कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’ झाले. पूर्वीचे नाव काढून टाकले नाही, त्याच्या आधी नवे जोडले, ही यातली महत्त्वाची गोष्ट. मराठवाड्यात तेथील विद्यापीठाच्या नामांतराच्या १९७८ च्या ठरावानंतर सोळा वर्षे संघर्ष झाला, माणसांचे प्राण गेले आणि १४ जानेवारी १९९४ रोजी ज्या नामविस्ताराने मार्ग निघाला, त्यात प्रदेशाचे नाव कायम राहिले होते. खानदेशातही तसेच झाल्याने धुळ्याच्या वा नंदुरबारच्या खेळाडूला आपले छत्र काढून घेतल्याची भावना होण्याचे कारण उरले नाही. आणि जिला अक्षरओळख नव्हती, जिची गाणी मृत्यूनंतर, १९५२ साली, ग्रंथरूपाने आली, त्या शेतकरी स्त्रीचे नाव विद्येच्या घरावर लागले, याहून उचित निवड मला सुचत नाही.

या नावाचे पुढचे जीवन मी धुळ्याच्या एका छपाईच्या दुकानात पाहिले. जर्सी फळीवर ताणून बसवलेली, वर जाळीची चौकट, आणि कारागीर रबरी पट्टीने शाई ओढण्यापूर्वी बराच वेळ केवळ मोजमाप करीत होता. कारण सहा शब्दांचे नाव दोन खांद्यांच्या मध्ये एका ओळीत मावत नाही आणि अक्षर लहान केले तर बाजूरेषेवरून वाचता येत नाही. अखेर त्याने कवयित्रीचे नाव वर कमानीत घेतले, प्रदेशाचे व विद्यापीठाचे नाव खाली सरळ ओळीत बसवले आणि त्याखाली क्रमांकाला जागा ठेवली. क्रीडा संचालक, पंच, वार्ताहर मात्र एवढे लांब नाव उच्चारीत नाहीत; त्यांच्या तोंडी ‘कबचौ उमवि’ हेच रूप असते. वापरातून असे संक्षिप्त रूप होणारच, म्हणून ते ऐकावयास कसे वाटेल, याचा विचार निवडीच्या वेळीच करणे शहाणपणाचे. राज्यातील विद्यापीठांच्या क्रीडा महोत्सवाला ‘अश्वमेध’ हे एकाच शब्दाचे नाव दिले गेले, त्याला अशा संक्षेपाची गरजच पडत नाही.

आपल्या महाविद्यालयांच्या एखाद्या नव्या स्पर्धेसाठी वा साखळी सामन्यांसाठी जे नाव शोधीत असतील, त्यांना माझी विनंती एवढीच आहे: नाव जळगावइतकेच धुळ्याचे, आणि दोहोंइतकेच नंदुरबारचे असावे, आधीचे नाव पुसण्याऐवजी त्यात भर घालता येईल का, हे प्रथम पाहावे, आणि ठराव समितीपुढे मांडण्यापूर्वी ज्यांच्या पाठीवर ते नाव छापले जाणार, त्या खेळाडूंना एकदा मैदानावर विचारून घ्यावे.