माशालाही कान असतात

ढोमा किंवा घोळीचं डोकं फोडताना आतून पांढरे, कडक खडे निघतात. आपण ते घाणीबरोबर टाकून देतो. गटाच्या बैठकीत एकीनं विचारलं, "हे खडे असतात कशाला?" आम्ही माहिती काढली, ती आज सांगतो.

हे खडे माशाच्या कानातले. माशाचे कान बाहेरून दिसत नाहीत, ते डोक्याच्या आत असतात. पाण्यातून आवाज आला की अंग हलतं, पण जड खडा किंचित मागे राहतो. त्यावरून माशाला आवाज कळतो. हवेपेक्षा पाण्यात आवाज चौपटीहून जास्त वेगानं धावतो. गढूळ पाण्यात डोळ्यांना दिसत नाही, तिथे कानच राखण करतात.

आता या पाण्यात इंजिन सुरू झालं तर? ऑस्ट्रेलियात प्रवाळाच्या खडकांजवळ संशोधकांनी हे तपासलं. 2016 साली त्यांनी प्रसिद्ध केलं की मोटरबोटी फिरत असताना शिकारी माशानं लहान माशांना दुपटीहून जास्त संख्येनं खाल्लं. लहान मासे आवाजानं बावरले, त्यांचा श्वास वाढला आणि शिकारी जवळ आला तरी ते वेळेवर पळाले नाहीत. पिठाच्या गिरणीत उभं असताना मागून मारलेली हाक आपल्याला तरी कुठे ऐकू येते?

पण गोंगाटात शिकाऱ्याचं नेहमीच फावतं असं नाही. स्टिकलबॅक नावाच्या छोट्या माशांना टाकीत मोठा आवाज ऐकवला, तेव्हा ते खाणं सोडून भलत्याच वस्तूंना तोंड मारू लागले. हाताशी आलेलं भक्ष्यही निसटू लागलं. म्हणजे खाणारा आणि खाल्ला जाणारा, दोघांचीही घडी विस्कटते. आज पिल्लं वाचली, तरच उद्या जाळ्यात मोठा मासा येणार आणि आपली टोपली भरणार.

यात एक गोष्ट दिलासा देणारी आहे. पाण्यातलं प्लास्टिक वर्षानुवर्षं राहतं, आवाज मात्र इंजिन बंद करताच थांबतो. म्हणून घरच्या माणसांशी एवढं बोलूया: होडी उभी असेल तर इंजिन बंद ठेवा, खाडीत वेग कमी ठेवा, आणि पंख्याचं पातं वाकलं असेल तर दुरुस्त करून घ्या. वाकडा पंखा आवाजही जास्त करतो आणि डिझेलही जास्त खातो. डिझेलचे वाचलेले पैसे तर आपल्याच घरात राहतील!