उत्तनचा नाताळ, आखाताच्या किनाऱ्यावर

मीरा रोड-भाईंदरपासून उत्तन-डोंगरीपर्यंतच्या पट्ट्यात ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाची जुनी वस्ती असून, १५३४ मध्ये वसईचा प्रदेश पोर्तुगीजांकडे गेल्यानंतर धर्मांतरित झालेल्या, तरीही घरात मराठीच बोलत राहिलेल्या या समाजातील काही तरुण जोडप्यांचा संसार आज आखाती शहरांत आहे. तेथील बहुतेक देशांत २५ डिसेंबरला सार्वजनिक सुटी नसते; त्यामुळे नाताळ कामाच्या दिवशी आला, तर मिस्सा, म्हणजे ख्रिस्तयाग, आटोपून कचेरी गाठावी लागते आणि एकत्र जेवणाचा बेत साप्ताहिक सुटीवर ढकलला जातो.

खरी कसोटी स्वयंपाकघरात लागते. सरपातेल हा डुकराच्या मांसाचा आंबट-तिखट पदार्थ कुवेतमध्ये त्या मांसावर बंदी असल्याने करता येत नाही, तर दुबईत ते काही सुपरमार्केटांच्या स्वतंत्र कक्षात मिळते. बाटली मसाला मात्र, म्हणजे उन्हाळ्यात वाळवून, भाजून, कुटून गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरलेले अनेक जिनसांचे मिश्रण, गावाहून सामानातूनच न्यावा लागतो, कारण त्याची चव बाजारच्या पुडीला येत नाही. कुलकुलांसाठी मैदा नारळाच्या रसात मळून, छोटी गोळी काट्याच्या पाठीवर दाबत तिची शिंपल्यासारखी वळी करतात व तळतात. गावात शेजारणी मिळून करीत ते हे वेळखाऊ काम फ्लॅटमध्ये आईबाप आणि मुलांच्या वाट्याला येते, आणि पदार्थांची मराठी नावे मुलांच्या तोंडी बसतात ती बहुधा याच बैठकीत.