कुंभकोणमची 'ओत्ती' आणि भाड्याच्या घराचे गणित

या टिपणात आपण भाड्याच्या घरासाठी पैसा कोठून येतो, तो दुरुस्तीत कसा जातो आणि भाड्यातून परत कसा मिळतो, हे पाहणार आहोत. उदाहरणासाठी कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील कुंभकोणम हे मंदिरांचे गाव घेऊ. पुढील रकमा व व्याजदर केवळ आकडेमोडीसाठी गृहीत धरले आहेत.

समजा, ३० लाखांचे घर ८,००० रुपये महिना भाड्याने जाते. त्यासाठी २४ लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले, तर हप्ता साधारण २१,६०० रुपये येतो. भाड्यातून हप्ता फेडण्याची कल्पना येथेच संपते. वर्षाचे भाडे ९६,००० रुपये, म्हणजे किमतीच्या ३.२ टक्के. त्यातून घरपट्टी, किरकोळ दुरुस्ती आणि रिकामा गेलेला एखादा महिना वजा केला की अडीच टक्क्यांच्या आसपास उरते. बाकीचा परतावा जागेची किंमत वाढण्यावर सोडलेला असतो. ती आशा आहे, उत्पन्न नव्हे.

वडिलोपार्जित जुन्या घराचे गणित वेगळे असते. कुंभकोणमच्या जुन्या गल्ल्यांत दर्शनी बाजूला अरुंद आणि आत खोल जाणारी घरे आहेत. पुढे तिण्णै, म्हणजे आपला ओटा. आत मुट्रम, म्हणजे वाड्यातला चौक. पुष्कळ घरांना 'मद्रास टेरेस' छत असते: लाकडी तुळयांवर चुन्यात बसवलेल्या उभ्या विटा आणि वर चुन्याचा काँक्रीट. ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसात छत गळू लागले की भिंतीत शिरलेली तुळयांची टोके आधी कुजतात. खालून तुळई धडधाकट दिसते, म्हणून टोकापाशी ठोकून पाहिल्याशिवाय अंदाजपत्रक करू नये.

असे घर आहे तसे ५,००० रुपयांना जाते आणि ३ लाख खर्चून ८,००० रुपयांना जाईल असे धरू. वाढीव भाडे महिना ३,००० रुपये. तीन लाखांचा ९ टक्क्यांनी १५ वर्षांचा हप्ता सुमारे ३,०४० रुपये होतो, १० वर्षांचा ३,८००. याचा अर्थ दुरुस्ती किमान १५ वर्षे टिकली तरच ती स्वतःचा खर्च जेमतेम भरून काढते. छत, सांडपाण्याची वाट, वायरिंग आणि संडास-न्हाणीघर यांवर पैसा आधी का घालावा, याचे उत्तर यातच आहे. रंग तीन-चार पावसाळ्यांत उतरतो. ओल न काढता लावलेला रंग तर एकाच पावसाळ्यात पोपडे धरतो!

हे तीन लाख आणायचे कोठून? बँक मालकीची कागदपत्रे आणि इमारतीचे उरलेले आयुष्य पाहते, आणि भावंडांची नावे लागलेल्या जुन्या घराला ती सहज कर्ज देत नाही. तमिळनाडूत अशा वेळी 'ओत्ती'चा मार्ग घेतला जातो. भाडेकरू एक मोठी रक्कम मालकाला देतो, मासिक भाडे न देता राहतो आणि मुदत संपल्यावर पूर्ण रक्कम बिनव्याजी परत घेतो. रोजच्या बोलण्यात यालाच 'लीज' म्हणतात, त्यामुळे 'हाउस फॉर लीज' ही पाटी पाहून बाहेरगावचा माणूस गोंधळतो. मुंबई-पुण्याचे 'हेवी डिपॉझिट' हे याचेच भावंड. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क काढताना परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ते भाड्यात मिळवतात. डिपॉझिट हे एक प्रकारचे भाडेच आहे, हे सरकारनेही ओळखले आहे.

रक्कम किती असावी? मालकाला कर्ज ९ टक्क्यांनी पडत असेल, तर ९६,००० ÷ ०.०९ म्हणजे सुमारे १०.६७ लाख रुपये मिळाले की त्याचे भाडे वसूल. भाडेकरूला मुदत ठेवीवर ६.५ टक्के मिळत असतील, तर ९६,००० ÷ ०.०६५ म्हणजे सुमारे १४.७७ लाखांपर्यंत रक्कम देणे त्याला परवडते. या दोन आकड्यांमध्ये कोठेही सौदा झाला तरी दोघांचा फायदा होतो, कारण कर्ज व ठेव यांच्या दरांमधला बँकेचा वाटा दोघे आपसांत वाटून घेतात.

हिशेब सुंदर आहे, पण बँकेच्या वाट्याबरोबर बँकेची हमीही जाते. मालकाने रक्कम छतात घातली. ती परत करायला तो बहुधा पुढच्या भाडेकरूच्या रकमेची वाट पाहतो. दक्षिण कोरियात 'चॉन्से' नावाची अशीच पद्धत आहे. तेथे व्याजदर वाढले, घरांच्या किमती उतरल्या आणि अनेक भाडेकरूंच्या ठेवी अडकल्या. त्यांच्या मदतीसाठी २०२३ मध्ये खास कायदा करावा लागला.

म्हणून कागद महत्त्वाचा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम ५८ (ड) खाली ताबे गहाणाची व्याख्या आहे: घेणेकरी ताबा घेतो आणि व्याजाऐवजी मालमत्तेचा उपभोग घेतो. मूळ ओत्ती म्हणजे हेच. शंभर रुपये वा त्याहून अधिक रकमेचे असे गहाण नोंदणीकृत असावे लागते. प्रत्यक्षात अनेक जण साध्या स्टॅम्पपेपरवर भागवतात आणि रक्कम अडकल्यावर त्यांच्या हाती घरावरचा हक्क राहत नाही. तमिळनाडूचा २०१७ चा घरमालक-भाडेकरू कायदा २२ फेब्रुवारी २०१९ पासून लागू आहे. त्यानुसार भाडेकरार लेखी करून भाडे प्राधिकरणाकडे नोंदवायचा असतो. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचे कलम ५५ नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकते.

पैसे देण्यापूर्वी घरावर आधीचा बोजा आहे का, याचा दाखला नोंदणी कार्यालयातून काढावा. बँकेचे गहाण आधीचे असेल तर तिचा हक्क आधी, तुमचा नंतर. कुंभकोणममध्ये आणखी एक प्रश्न विचारावा: घराखालची जमीन कोणाची? ती मंदिराची असेल, तर १९५९ च्या तमिळनाडू हिंदू धर्मादाय कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तिचे गहाण किंवा पाच वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा आयुक्तांच्या मंजुरीशिवाय रद्दबातल ठरतो.

सरावासाठी: वरील उदाहरणात मालकाने ६ लाख रुपये ओत्ती घेतली, त्यातील ३ लाख दुरुस्तीत घातले आणि ३ लाख ६.५ टक्क्यांच्या ठेवीत ठेवले. तीन वर्षांनी भाडेकरू निघताना मालकाला बाहेरून किती रक्कम उभी करावी लागेल? मासिक ८,००० रुपये भाड्याच्या तुलनेत, त्याने ही रक्कम प्रत्यक्षात वर्षाला किती टक्के दराने घेतली असे म्हणता येईल?