गोळी चुकवू नका, घुट्टी देऊ नका

तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखले जाणारे सोनगीर हे धुळे जिल्ह्यातील महामार्गावरचे गाव. अशा गावात गरोदरपणाच्या तपासणीत एचआयव्हीचे निदान झाले की दोन प्रश्न एकदम उभे राहतात. बाळाला होईल का? आणि घरात, गल्लीत कळेल का?

पहिल्या प्रश्नावर औषध आहे. उपचार न घेतल्यास बाळाला संसर्ग होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. एआरटीच्या गोळ्या रोज न चुकता घेतल्यास ती ५ टक्क्यांच्याही खाली येते. २०१४ पासून देशात बाधित गर्भवतींना हे उपचार आयुष्यभरासाठी मोफत मिळतात. बाळालाही जन्मल्यापासून काही आठवडे औषध द्यावे लागते. त्याची पहिली रक्ततपासणी सहाव्या आठवड्यात होते, तर अंतिम खात्री दीड वर्षानंतर.

खरी कसोटी बाळंतिणीच्या खोलीत लागते. पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध पाजायचे. सोबत वरचे दूध, मध किंवा घुट्टी दिली, तर बाळाच्या आतड्याचे नाजूक अस्तर दुखावून विषाणूला वाट मिळू शकते. पण सासूबाई घुट्टी उगाळायला बसल्या, तर नकाराचे कारण काय सांगायचे? ‘सहा महिने फक्त आईचे दूध’ हा सल्ला डॉक्टर प्रत्येकच आईला देतात. तेवढे सांगितले तरी पुरते.

निदान गुप्त राहणे हा तिचा हक्क आहे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तो दिला आहे. अधिक माहिती १०९७ या मोफत क्रमांकावर मिळते.