विमान समजून घेताना : भाग ८ – फ्लॅप अडकले, आता उतरायचे कुठे?

विमानाला पंख कसा उचलतो, ते मागच्या भागात पाहिले. आज त्याच पंखाच्या मागच्या कडेचे फ्लॅप. अजिंठ्यासाठी फर्दापूरला निघालेले पर्यटक संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर उतरतात, तेव्हा पंखाजवळच्या खिडकीतून हे फ्लॅप दिसतात. घरघर ऐकू येते, कड मागे सरकून खाली झुकते. पंख रुंद आणि बाकदार होतो आणि कमी वेगातही विमानाला तोलून धरतो.

ते बाहेर आलेच नाहीत तर? विमान पडत नाही, पण वेगात उतरवावे लागते. एअरबस ए३२० एरवी ताशी साधारण २५० किलोमीटर वेगाने धावपट्टीवर येते. फ्लॅप आणि पुढच्या कडेचे स्लॅट दोन्ही मिटलेले राहिले, तर हा वेग साडेतीनशेच्या घरात जातो. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून थांबताना जिरवायची ऊर्जा जवळपास दुप्पट होते.

कधी कधी फ्लॅप मुद्दाम जखडले जातात. डाव्या-उजव्या बाजूंत फरक पडतोय असे संगणकाला दिसले, की पंखांच्या टोकांकडचे ब्रेक त्यांना आहेत तिथेच रोखतात. एकीकडे उघडे आणि दुसरीकडे मिटलेले फ्लॅप विमान कलंडवू शकतात.

अशा वेळी वैमानिक उतरणे सोडून पुन्हा वर जातात आणि नियंत्रण कक्षाला कळवून घिरट्या घालतात. एक जण विमान सांभाळतो, दुसरा हँडबुकमधली यादी मोठ्याने वाचतो. नवा वेग, वारा, इंधन, लागणारी धावपट्टी असा हिशेब होतो. जमिनीजवळ ‘टू लो, फ्लॅप्स’ असा ओरडणारा इशाराही बंद करतात. ऐन उतरताना तो गोंगाट नको. केबिन क्रूला कल्पना दिली जाते, खाली अग्निशमन बंब सज्ज होतात.

खरा प्रश्न धावपट्टीचा. फर्दापूरला जळगाव जवळ, पण तिथली धावपट्टी जेमतेम पावणेदोन किलोमीटर, एटीआरसारख्या छोट्या विमानांच्या मापाची. चिकलठाण्याची सुमारे २.८, मुंबईची मुख्य धावपट्टी सुमारे ३.४ किलोमीटर. मग सरळ मुंबई का नाही? फ्लॅप अर्धवट उघडे अडकले असतील, तर हवेचा रोध वाढून इंधन भराभर संपते आणि लांबचा पर्याय हातचा जातो.

धावपट्टीपलीकडे काय असू शकते, हे संभाजीनगरला ठाऊक आहे. २६ एप्रिल १९९३ रोजी चिकलठाण्याहून उड्डाण करताना इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ रस्त्यावरच्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकले. ५५ जण दगावले. तिथे दोष फ्लॅपचा नव्हता, पण शेवटचे काहीशे मीटर किती मोलाचे असतात, ते त्या दिवशी दिसले.

तेव्हा कधी विमान घिरट्या घालू लागले किंवा भलत्याच विमानतळाकडे वळले, तर केबिन क्रूशी हुज्जत घालू नका. अशा बिघाडात घाईच जास्त धोक्याची असते.

(पुढील भागात : तापलेले ब्रेक)