मे महिन्याचे ऊन आणि टर्बो गाडीची हवा
गोंदियाच्या गाडीमालकांनी व मिस्त्री बांधवांनी ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट

गोंदिया जिल्ह्याचा व्यापार धानावर आणि तेंदूपत्त्यावर चालतो. तेंदूपत्त्याची तोडणी, उन्हाळी धानाची आवक आणि लग्नसराई ही तिन्ही कामे एप्रिल-मे महिन्यांत एकदमच येतात. नेमक्या याच दिवसांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. ज्याच्याकडे जीप, पिकअप किंवा भाड्याची कार आहे, त्याच्या कमाईचे दिवस हेच, आणि गाडी दगा देण्याचे दिवसही हेच.

आमच्या परिचयाच्या एका किराणा व्यापाऱ्याचा असाच अनुभव आहे. त्यांची डिझेल पिकअप सकाळी चांगली चालायची. दुपारी माल भरून देवरीकडे निघाली की ओढ कमी व्हायची आणि काळा धूर निघायचा. एका गॅरेजमध्ये त्यांना सांगण्यात आले, "टर्बो गेला, नवा बसवावा लागेल." खर्चाचा आकडा ऐकून ते घाबरले. मग एका जुन्या मिस्त्रींनी स्कॅनर लावला, सोबत बसून गाडी चालवायला लावली आणि एकच आकडा पाहत राहिले. तो आकडा होता इंजिनात जाणाऱ्या हवेच्या तापमानाचा. गाडी वेगात असूनही तो खाली येईना. पुढची जाळी काढून पाहिली, तर इंटरकूलर धानाच्या कोंड्याने आणि तेलकट धुळीने बुजलेला होता. टर्बो शाबूत होता. धुण्यावर काम भागले.

या एका आकड्याकडे आपले गाडीमालक आणि कारागीर फारसे लक्ष देत नाहीत, म्हणून हा लेख.

हवा का तापते?

सायकलच्या पंपाने हवा भरताना पंप गरम होतो, हे आपण लहानपणापासून पाहिले आहे. टर्बोचे तसेच आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. स्वित्झर्लंडचे इंजिनियर आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. हवा जास्त भरली की डिझेल किंवा पेट्रोल जास्त जाळता येते आणि लहान इंजिनातून मोठी ताकद मिळते. पण दाबलेली हवा तापते, आणि तापलेली हवा विरळ होते. म्हणजे टर्बोने केलेल्या मेहनतीतला काही भाग वाया जातो. म्हणून मध्ये इंटरकूलर बसवतात. रेडिएटरसारखीच ती एक जाळी असते. आतून टर्बोची गरम हवा जाते, बाहेरून वाऱ्याने ती थंड होते.

आता हिशेब पाहू. बाहेर ४५ अंश आहे आणि टर्बो हवेचा दाब दुप्पट करतो असे धरा. कंप्रेसरची कार्यक्षमता शेकडा ७० मानली, तर हवा सुमारे १०० अंशांनी तापून १४५ अंशांवर जाते. चांगला इंटरकूलर त्यातले ७० अंश काढून घेतो आणि इंजिनाला ७५ अंशांची हवा मिळते. हाच इंटरकूलर बुजून फक्त ४० अंश काढू लागला, तर हवा १०५ अंशांची जाते आणि तितक्याच दाबाला सुमारे ८ टक्के कमी भरते. हिवाळ्यात बाहेर १५ अंश असताना चांगल्या इंटरकूलरमागे हवा जेमतेम ४२ अंशांची असते. म्हणून जो दोष जानेवारीत कळतही नाही, तो मे महिन्यात गाडी थांबवतो.

पेट्रोल आणि डिझेल यांतला फरक

पेट्रोलच्या टर्बो कारमध्ये गरम हवेचा धोका मोठा. मिश्रण ठिणगी पडल्यावर क्रमाने जळायचे, ते ठिकठिकाणी आपोआप भडकते आणि इंजिन खडखडते. हे फार चालले तर पिस्टन फुटतो. इंजिनचा संगणक हे टाळण्यासाठी ठिणगीची वेळ मागे घेतो आणि ताकद कमी करतो. मालकाला वाटते गाडी आळसावली. खरे तर ती स्वतःला वाचवत असते. डिझेलमध्ये ही खडखड नसते, पण हवा कमी पडल्याने धूर वाढतो, तेल जास्त जाते आणि पिस्टन, व्हॉल्व्ह व टर्बो यांच्यावर उष्णतेचा बोजा येतो.

आकडा कसा वाचावा?

स्टिअरिंगखाली १६ पिनांचे सॉकेट असते. त्यात साधा स्कॅनर लावला की तापमान दिसते. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झाल्यावर आलेल्या गाड्यांत ही सोय आहेच. अनेक जुन्या गाड्यांतही ती मिळते. पण चार गोष्टी सांभाळाव्यात.

पहिली, सेन्सर कोठे आहे ते पाहा. एअर फिल्टरजवळच्या सेन्सरवर फक्त बाहेरून येणाऱ्या हवेचे तापमान कळते. आपल्याला हवा तो इंटरकूलरच्या पुढचा, इंजिनाच्या तोंडाजवळचा आकडा. कित्येक गाड्यांत दोन्ही सेन्सर असतात.

दुसरी, आधी सेन्सरच पारखा. रात्रभर उभ्या गाडीत पहाटे हवेचे आणि कूलंटचे तापमान जवळपास सारखे दिसले पाहिजे. आकडा उणे ४० दाखवत असेल तर इंजिनचा दोष शोधू नका. बहुधा सेन्सरची वायर तुटली आहे किंवा प्लग सुटला आहे.

तिसरी, उभ्या गाडीचा आकडा धरू नका. रेल्वे फाटकावर दहा मिनिटे थांबलात की बॉनेटखालची उष्णता साचून आकडा वर जातो. गाडी सुटल्यावर दोन-तीन मिनिटांत तो उतरला तर काळजी नाही. न उतरला तर दोष आहे.

चौथी, आकडा बाहेरच्या तापमानाशी ताडून पाहा. मोकळ्या सपाट रस्त्यावर एका वेगाने जाताना तो बाहेरच्यापेक्षा १५ ते २० अंश वर असणे ठीक. भरल्या गाडीने चढ चढताना फरक ३० पर्यंत जाऊ शकतो. त्याहून पुढे जाऊन तो तसाच राहिला तर इंटरकूलर तपासावा. हा ढोबळ अंदाज आहे. शेवटची मर्यादा त्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तकातलीच मानावी. गाडी चालवणाऱ्याने आकडा पाहू नये, शेजारी बसलेल्याने पाहावा.

आकडा वर असेल तर

आधी स्वस्त कामे करावीत. इंटरकूलरची जाळी हलक्या पाण्याने धुवावी. जोरदार फवाऱ्याने पाती वाकतात आणि उलट नुकसान होते. राईस मिलमध्ये रोज जाणाऱ्या गाडीला हे काम उन्हाळ्यापूर्वी करावेच. मग टर्बोपासून इंजिनापर्यंतचे पाइप व क्लिपा पाहाव्यात. पाइप चिरला तर फुसफुस आवाज येतो, गळती भरून काढायला टर्बो जास्त फिरतो आणि हवा आणखी तापवतो. एअर फिल्टर चोंदलेला नको. तो काढून गाडी चालवणे तर मुळीच नको, कारण धूळ थेट टर्बोच्या पात्यांवर जाते. काही छोट्या पेट्रोल कारचा इंटरकूलर पाण्याने थंड होतो. तेथे कूलंटची पातळी आणि पंप पाहावा. जाळीपुढे शोभेचे दिवे, पाट्या किंवा जाड गार्ड लावून वारा अडवू नये. संगणकाची सेटिंग बदलून ताकद वाढवून देणारेही भेटतात. दाब वाढला की उष्णता वाढते, आणि आपल्या उन्हाळ्यात तेवढी सवलत शिल्लक नसते.

मिस्त्री बांधवांना दोन शब्द

आपल्या मिस्त्रींचा कान तयार आहे. आवाजावरून दोष ओळखणारे उस्ताद आजही आहेत. पण नव्या गाडीचा दोष कानाला ऐकू येण्याआधी आकड्यात दिसतो. जो मिस्त्री तो आकडा वाचू शकत नाही, त्याचे गिऱ्हाईक कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे जाते. स्कॅनर घ्यावा, शागिर्दाला वापरायला शिकवावे आणि दुरुस्तीपूर्वीचा व नंतरचा आकडा गिऱ्हाइकाच्या बिलावर लिहून द्यावा. जो धुण्याच्या कामात धुण्याचेच पैसे घेतो, त्याच्या दारात तोच माणूस पुढच्या मे महिन्यात चार गाड्या घेऊन येतो. त्या व्यापाऱ्याने तसेच केले आहे.