लग्नाची छायाचित्रे : घरी छापावी की लॅबमध्ये?

आमच्या पेढीत गादीच्या मागील भिंतीवर एक छायाचित्र टांगलेले आहे. २०१३ साली आमच्या पुतणीच्या विवाहात आजी वधूवरांच्या मस्तकी अक्षता टाकीत असता ते टिपले गेले. बिले छापण्यासाठी घेतलेल्या इंकजेट यंत्रात बाटलीतील स्वस्त शाई भरून आम्हीच ते घरी छापले. लॅबचे पैसे वाचले याचा त्या वेळी आम्हांस अभिमानही वाटला! पाच वर्षांत शालूचा लाल रंग विटून मातकट झाला आणि आजींच्या मुखावरील छटा पार उडाल्या. मूळ फाइल शोधू लागलो, तो ती जिच्यात होती ती डिस्कच बिघडलेली. आजी त्यापूर्वीच निवर्तल्या होत्या. हा तोटा कोणत्या खात्यावर टाकावा हे आम्हांस अद्याप सुचलेले नाही.

लग्नसराई आली की आमचे कित्येक व्यापारी बंधू हाच प्रश्न काढतात. घरी यंत्र आहे, कागद बाजारात मिळतो, मग लॅबची पायरी का चढावी? उत्तर देण्यापूर्वी दोन्हीकडे काय घडते ते पाहिले पाहिजे. इंकजेट यंत्र कागदावर शाईचे अतिसूक्ष्म थेंब उडविते. ही शाई दोन जातींची असते. पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची शाई झगझगीत दिसते, परंतु उघड्या हवेत व उजेडात लवकर फिकी पडते. दुसऱ्या जातीत रंगाचे न विरघळणारे कण असतात व ती पुष्कळच टिकाऊ असते. बिले छापण्याच्या यंत्रात रंगीत शाई बहुधा पहिल्या जातीची असते, हे आम्हांस फार उशिरा कळले. पारंपरिक लॅबमध्ये शाईच नसते. तेथे प्रकाशाला संवेदनशील अशा कागदावर लेसरने चित्र उमटवितात आणि रासायनिक द्रावणांतून कागद नेला की जिलेटिनच्या थरांच्या आतच रंग तयार होतात. वरच्या थराचे आवरण असल्यामुळे त्या रंगांना हवेची झळ कमी लागते.

आता हिशेब. चार बाय सहा इंचांचे चित्र म्हणजे २४ चौरस इंच. करिझ्मा अल्बमचे उलगडलेले एक पान बहुधा १२ बाय ३६ इंचांचे, म्हणजे ४३२ चौरस इंच. त्यात अशी अठरा चित्रे मावतात. तीस पानांचा अल्बम म्हणजे अशा ५४० चित्रांइतका कागद झाला. घरच्या ए-चार यंत्रातून ते पान निघणारच नाही, ही गोष्ट निराळीच. शिवाय घरच्या छपाईत वाया गेलेले कागद कोणी मोजीत नाही. पहिली दोन-तीन चित्रे तर रंग जुळविण्यातच जातात. आणि चातुर्मासात आपल्याकडे लग्ने नसतात. यंत्र चार महिने झाकून ठेवावे तर शाई वाळून त्याची बारीक छिद्रे बुजतात, आणि ती मोकळी करण्यात उरलेली शाई खर्ची पडते. पडून राहिलेल्या मालावर व्याज चढते, त्यातलाच हा प्रकार.

तथापि लॅबवाले सांगतील तेच प्रमाण, असेही नव्हे. तेथील यंत्र रंग आपोआप सुधारते. हळदीच्या चित्रात सर्वत्र पिवळा रंग पाहून ते त्यालाच दोष समजते व वधूची हळद धुऊन टाकते! म्हणून रंगसुधारणा बंद ठेवण्यास स्पष्ट सांगावे. दुसरे असे की, बहुतेक कॅमेऱ्यांचे चित्र तीनास दोन या प्रमाणाचे असते. चार बाय सहात ते बरोबर बसते, आठ बाय दहात मात्र कडा कापल्या जातात आणि नेमका मामांचा फेटा जातो. संपूर्ण अल्बम देण्यापूर्वी पाच-सहा चित्रे छापून घ्यावी आणि ती दिवसाच्या उजेडात पाहावी. पडद्याच्या मागे दिवा असतो, कागदाच्या मागे नसतो. त्यामुळे तेच चित्र कागदावर काळोखे दिसते.

येथे एका गोष्टीचा उल्लेख आपल्या समाजापुढे करणे आम्हांस अवश्य वाटते. जिलेटिन हे प्राण्यांची हाडे व कातडी यांपासून होते. लाला दीनदयाळ हे सरधना येथील जैन जवाहिऱ्यांच्या घराण्यातले. त्यांनी इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी करता करता छायाचित्रणाचा आरंभ केला आणि १८९४ साली निजामांकडून ‘राजा मुसव्विर जंग’ ही पदवी मिळविली. त्यांच्या काळच्या कागदावर तर अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप असे. इंकजेटच्या काही कागदांवर सिलिकाचा लेप असतो, काहींत मात्र जिलेटिनही वापरतात. ज्यांना या गोष्टीचा विचार करावयाचा आहे त्यांनी कागद बनविणाऱ्याकडे लेखी विचारणा करावी. आम्ही स्वतः लॅबचा कागद घेतो, पण मनात संकोच नाही असे म्हणणार नाही.

आमचा कौल असा. अल्बम आणि आप्तेष्टांना वाटावयाच्या प्रती लॅबमध्येच कराव्या. दर्शनी खोलीत लावावयाचे एखादे मोठे चित्र मात्र कणांच्या शाईने, चांगल्या कापसाच्या कागदावर, जाणत्या माणसाकडून छापून घ्यावे. ते लॅबच्या चित्रावरही मात करते. घरचे यंत्र पाहुणे परत निघण्यापूर्वी त्यांच्या हाती एक चित्र ठेवण्यापुरते ठीक. लॅबची चित्रेही अमर नसतात. १९७० नंतरच्या दशकातील पुष्कळ रंगीत चित्रे बंद पेटीतसुद्धा तांबूस पडलेली आपण सर्वांनी पाहिली आहेत. बेळगावच्या पावसाळ्यात जिलेटिनवर बुरशी धरते, यास्तव अल्बम भिंतीलगतच्या कपाटात ठेवू नये आणि चिकट पानांचा तर घेऊच नये.

येत्या मार्गशीर्षात आमच्या घरी पुन्हा मंगलकार्य आहे. या खेपेस फाइलींच्या दोन प्रती करण्याचे ठरले असून त्यांपैकी एक सांगलीस थोरल्या बंधूंकडे राहील. अल्बमच्या शेवटी एक कोरे पान मागितले आहे. त्यावर वहिनी प्रत्येक चित्रातील मंडळींची नावे लिहिणार आहेत. गादीमागचे जुने चित्र आम्ही काढलेले नाही.